बुटाळ अक्षरांच्या वाटणीबाबत

मी, खाली सही करणारी, धंदा छपाई, वय सत्तरीकडे झुकलेलं, आज माझं डोकं ठिकाणावर असताना, डोळ्यांवर चष्मा आणि हातात माझंच पेन असताना, कुणी भरीस घातलं म्हणून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. वकीलसाहेबांनी मला तयार नमुना दिला होता. त्यात पहिल्याच ओळीत मानवी जीवन क्षणभंगुर असल्याचं म्हटलं होतं. ती ओळ मी काढून टाकली. जन्मभर लोकांचे मजकूर लावले, फुकट जागा खाणारी ओळ मला लगेच दिसते.

डॉक्टर म्हणतात छातीतलं मशीन जुनं झालंय, जपून चालवा. त्याचे पार्ट आता कुठे मिळणार? आमचे वडील एक ओळही न लिहिता गेले आणि मागे काय झालं ते पुढे चौथ्या कलमात येईलच. तसं पुन्हा होऊ नये म्हणून हा खटाटोप.

कलम पहिले. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी दाखवलंच तर ते खोटं समजावं आणि दाखवणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

कलम दुसरे. छापखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या, कपाटासह व खिडक्यांच्या पडद्यांसह, माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्याव्यात. ती बापाला न सांगता माझ्याकडे येते, आणि तिचा बाप आपल्याला काही माहीतच नाही असं दाखवतो. दोघंही या नाटकात चांगली मुरली आहेत. खालची मागची खोली मात्र बाइंडरबाईंकडे, त्यांना हवी असेल तोवर राहावी. त्या तिथे इतकी वर्षं पुस्तकं बांधतात. त्यांच्या सरसाच्या वासाबद्दल भाचीने तक्रार करू नये. मलाही आधी मळमळायचं, नंतर तो वास आला नाही तर करमेनासं झालं.

कलम तिसरे. बँकेत जी शिल्लक असेल तिच्यातून आधी माझं औषधपाणी आणि शेवटचा खर्च भागवावा. उरेल त्यातलं निम्मं बाइंडरबाईंना, निम्मं भाचीला. रक्कम ऐकून कुणी हुरळून जाईल अशी ती नाही, त्यामुळे भांडणाला वाव नाही.

कलम चौथे. हे कलम लांब आहे. वकीलसाहेब म्हणाले, बाई, थोडक्यात लिहा. मी विचारलं, फी पानावर घेता का? तेव्हा त्यांनी स्वतःच आणखी कोरे कागद पुढे सरकवले.

सदर छापखान्यात मोठ्या लाकडी अक्षरांचा एक संच आहे. त्याला आम्ही घरात आणि धंद्यात 'बुटाळ' म्हणतो. आमच्या वडिलांनी तो स्वतःच्या हातांनी कोरला. याच्या प्रत्येक अक्षराच्या पायाशी एक आडवी पट्टी आहे, चपटी, चौकोनी, आणि खांबाइतकीच जाड. अक्षराने बूट घातल्यासारखं दिसतं, म्हणून बुटाळ. इतर अक्षरांत रेघ कुठे बारीक होते, कुठे फुगते, खाली येताना वळण घेऊन हळूच टेकते. बुटाळाचे असले लाड नाहीत. खांब सरळ खाली येतो आणि पट्टीवर काटकोनात उभा राहतो. बाबांनी तरुणपणी बघितलं होतं की स्वस्त कागदावर नाजूक अक्षरांची टोकं उमटतच नाहीत, आणि मशीनच्या दाबाखाली वर्षभरात ती मोडून जातात. म्हणून त्यांनी हे कोरलं. ते म्हणायचे, कागद हलका असो, शाई पातळ असो, छापणारा अर्धा झोपेत असो, हे अक्षर पडत नाही.

लिलावाच्या जाहिराती, सर्कशीची पोस्टरं, खोक्यांवरचे 'जपून हाताळा', विजेच्या खांबावरचा 'धोका', सगळ्याला बुटाळच. रस्त्याच्या पलीकडून, धावत्या गाडीतून, चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही वाचता यायचं. फक्त कुणाच्या निधनाची सूचना बाबा त्यात लावू देत नसत. गेलेल्या माणसाबद्दल ओरडून सांगू नये, हा त्यांचा नियम.

मोठी अक्षरं लाकडाची. त्याच चित्रांवरून बाबांनी लहान अक्षरं शिशात ओतून आणली होती. म्हणजे पोस्टरची वरची मोठी ओळ आणि खालचा बारीक मजकूर, दोन्ही एकाच घराण्यातले. मोठी ओळ मी लावायची, बारीक मजकूर धाकटा. मला घाई, त्याला चिकाटी. बाबांनी आमचे स्वभाव बघून काम वाटून दिलं होतं.

बाबा गेल्यावर थोड्याच दिवसांत आमचं वाजलं. धाकट्याचं म्हणणं, लोकांना आता वेलबुट्टीची नाजूक अक्षरं हवीत, बुटाळ बाजूला ठेवू आणि नवा संच आणू. माझं म्हणणं, बाबांनी हाताला घट्टे पाडून घेतले ते बाजूला ठेवण्यासाठी का? शब्दाने शब्द वाढत गेला. तो मला म्हणाला, तू छापखाना चालवत नाहीस, बाबांची पूजा करतेस. मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, कारण हा कागद पुढे भाचीच्या हातात जाणार आहे.

मध्यस्थीला मामा आले. मामांचा धान्याचा व्यापार, माणूस तराजूसारखा सरळ. त्यांनी सगळं फिरून बघितलं, चहा घेतला आणि निकाल दिला. थोरलीला थोरली अक्षरं, धाकट्याला धाकटी. मोठं मशीन माझं, लहान मशीन त्याचं. जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या, काय न्याय केला म्हणून. त्या खोलीत पोस्टर कधी लावलेली माणसं दोनच होती, धाकटा आणि मी. नुसतं मोठ्या अक्षरांत 'सर्कस' छापून भागत नाही, कुठे आणि कधी हे खाली बारीक अक्षरांत लागतं. आणि नुसतं बारीक छापलं तर रस्त्याने जाणारा थांबतच नाही. ही गोष्ट आम्हा दोघांना तिथल्या तिथे कळली. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. तो बोलेल म्हणून मी थांबले, मी बोलेन म्हणून तो थांबला. तेवढ्यात मामा चपला घालून निघूनही गेले.

त्याने रस्त्यापलीकडे, अगदी समोरचाच गाळा घेतला. मी लहान अक्षरं विकत घेतली नाहीत, त्याने मोठी घेतली नाहीत. वेलबुट्टीचा तो नवा संचही त्याने आणला नाही, हेही नोंदवते. त्यामुळे झालं असं की, कुणाला पोस्टर हवं असलं की त्याने आधी माझ्याकडे यायचं, मोठी ओळ छापून घ्यायची, ओल्या शाईचे कागद दोन्ही हातांवर आडवे धरून रस्ता ओलांडायचा आणि समोर जाऊन खालचा मजकूर छापून घ्यायचा. वारा असला की लोकांची फजिती. सर्कशीचा मॅनेजर एकदा वैतागून म्हणाला, अहो, सर्कस आमची की तुमची? पण तोही पुढच्या वर्षी आला. दोन्हीकडचं मिळून जे पोस्टर व्हायचं, तसं दुसरीकडे होत नव्हतं.

आमचं बोलणं बंद होतं, तरी त्याच्या मनात काय चाललंय ते मला कागदावरून कळायचं. भिंतीवर लागलेलं पोस्टर मी थांबून बघायची. तो खुशीत असला की माझ्या ओळीखाली ऐसपैस जागा सोडायचा. रागात असला की त्याच्या ओळी माझ्या अक्षरांच्या बुटांना येऊन भिडायच्या. एकदा जुन्या यंत्रांच्या लिलावाच्या जाहिरातीखाली फुलांची नक्षी दिसली. लिलाव, आणि फुलं! मी बाइंडरबाईंना विचारलं तेव्हा कळलं, त्याला मुलगी झाली. पुढची मोठी ओळ मी लाल शाईत छापून पाठवली. गिऱ्हाईक कुरकुरलं, आम्ही काळी सांगितली होती म्हणून. मी म्हटलं, लाल तुम्हाला शोभते. त्याची शिशाची अक्षरं झिजायला लागली आणि फिकी उमटायला लागली, तेव्हापासून मी माझ्या ओळीला शाई बेताची लावते, म्हणजे त्याची ओळ शेजारी दुबळी दिसू नये.

आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. एकदा मला ताप भरला होता. माझ्याकडच्या मशीनवाल्याने माझ्यामागे फर्निचरच्या सेलची मोठी ओळ छापली ती चक्क तिरकी, आणि मी उठायच्या आत सगळा गठ्ठा रस्ता ओलांडून गेलासुद्धा. मला वाटलं, आता गावभर हसं. बरं वाटल्यावर भीतभीत बघायला गेले. भिंतीवर माझी ओळ तिरकी होती, आणि धाकट्याने आपल्या सगळ्या ओळी तेवढ्याच तिरक्या लावल्या होत्या. बघणाऱ्याला वाटावं, मुद्दामच केलंय. शिशाच्या ओळी तिरक्या लावणं काय कटकटीचं असतं ते लावणाऱ्याला विचारा, बाजूने सगळीकडे पाचरी ठोकत बसावं लागतं. दुकानदार तर खूश, पुढच्या सेलला म्हणाला तसंच तिरकं करा. मी त्या भिंतीपाशी उभी राहिले आणि मला रडू आलं. त्याच पावली समोरचा रस्ता ओलांडला असता तर बरं झालं असतं. ओलांडला नाही.

आता पोस्टर कुणी छापत नाही. फ्लेक्सवाले तासाभरात देतात, त्यात फोटोही असतो. समोर गेलेला शेवटचा कागद म्हणजे एका कापडदुकानाचा, 'दुकान बंद होत आहे, माल अर्ध्या किमतीत'. त्यानंतर एकही नाही. सकाळी समोरचं शटर वर जातं, तो रबरी शिक्के करत बसतो, दुपारी शटर खाली येतं. मी खिडकीतून बघते. डोक्यावरचे केस पार गेले त्याचे. मला त्याची आठवण येते. समोर बसलेला दिसतो तरी आठवण येते, कारण हल्ली त्याच्या मनात काय आहे ते मला कळायचा मार्ग राहिलेला नाही.

सबब, माझ्या पश्चात सदर बुटाळ अक्षरांचा मोठा संच, रॅक व मोठ्या मशीनसह, माझ्या सख्ख्या धाकट्या भावास निर्वेधपणे द्यावा, म्हणजे मोठी आणि लहान अक्षरं एका छपराखाली येतील. संच फोडू नये, सुटं अक्षर कुणाला देऊ नये. तो घेईल का, हे मला माहीत नाही. या सगळ्या कागदातून मला एवढी एकच गोष्ट हवी आहे, बाकीची कलमं नसती तरी चाललं असतं. वकीलसाहेबांनी विचारलं, मग हयातीतच का देत नाही? कारण त्याने नको म्हटलं तर ते ऐकायला मी इथे असेन. मी गेल्यावर त्याने खुशाल नको म्हणावं.

कलम पाचवे. हॉटेलं सजवून देणारा एक गृहस्थ अधूनमधून येतो. त्याला कॉफीच्या दुकानातल्या भिंतीवर टांगायला बुटाळातली 'फक्त चार गोंडस अक्षरं' हवी आहेत. मी त्याला म्हटलं, एकटं अक्षर भिंतीवर राहून काय बोलणार? तो म्हणाला, बोलायला कशाला हवं, दिसायला हवं. माझ्या मृत्यूनंतर तो सांत्वनाला येईल. त्याला पाणी द्यावं. अक्षर देऊ नये. निघताना पिशवी बघावी.

कलम सहावे. भाची कॉम्प्युटरवर अक्षरं काढायला शिकली आहे आणि तिला बुटाळ त्यात घालायचं आहे. तशी परवानगी मी देते, पुढील अटींवर. कोपरे गोल करू नयेत. हल्ली सगळ्यांना कोपरे गोल करायची हौस. गोल अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा आहे तेवढीच ठेवावी, ती आवळली की शाईने पोट भरतं आणि अक्षर लांबून नुसता डाग दिसतो. कॉम्प्युटरला शाई नसते, असं ती म्हणेल. असू दे नसली तर. किडकिडीत अक्षरांना बूट लांब द्यावेत. वकीलसाहेबांच्या जुन्या इंग्रजी टाइपरायटरची अक्षरंही याच जातीची आहेत, तिथे बघावं. प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, म्हणून बारीक अक्षराचे पाय लांब केलेत, नाहीतर ते आपल्या जागेत हरवून गेलं असतं. अख्खं पुस्तक मात्र बुटाळात लावू नये, वाचणाऱ्याला सारखं कुणीतरी दार वाजवतंय असं वाटेल. नाव बुटाळच ठेवावं, आणि आजोबांचं म्हणून सांगावं.

कलम सातवे. मामांना मी माफ केलेलं नाही. ते वारले, तरीही.

कलम आठवे. माझ्या निधनाची सूचना छापावीच असं नाही. छापायची झाल्यास धाकट्याला विचारावं. त्याने ती आपल्या हाताने लावली तर अक्षर कोणतं घ्यायचं ते तोच ठरवेल, बाबांचा नियम पाळायचा की मोडायचा तेही. वर मोठ्या ओळीची जागा त्याने कोरी सोडली तरी चालेल. लोकांना कळेल.

येणेप्रमाणे मी हे मृत्युपत्र वाचून, समजून, दोन ठिकाणी खोडून सही केली आहे.

(सही) छापखान्याची मालकीण

साक्षीदार पहिला: (सही) छापखान्याचा जुना मशीनवाला, राहणार मागच्या गल्लीत

सहीनंतर वाढवलेला मजकूर. दुसऱ्या साक्षीदाराची सही व्हायची असताना जे घडलं ते वकीलसाहेबांच्या समक्ष लिहून ठेवते.

दुसरा साक्षीदार म्हणून औषधाच्या दुकानातल्या माणसाला बोलवा, असं मी बाइंडरबाईंना सांगितलं होतं. त्या गेल्या आणि धाकट्याला घेऊन आल्या. मी डोळे वटारले तर म्हणाल्या, औषधाचं दुकान बंद होतं. ते दुकान मला इथून दिसतं. उघडं होतं.

धाकटा दारात पाय पुसून आत आला. माझ्याकडे बघायच्या आधी त्याने रॅककडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, एकेक खण. मग टेबलाच्या पलीकडे बसला. कागद माझ्या बाजूने सुलटा होता, म्हणजे त्याला उलटा. पण खिळे, म्हणजे छपाईची उलटी अक्षरं, जुळवणाऱ्याला उलटं काय नि सुलटं काय. मी हात ठेवून झाकेपर्यंत त्याचं वाचन सुरू झालं होतं, मग मी हात काढून घेतला. त्याने सगळं वाचलं, मामांचंही. कलम चौथं त्याने दोनदा वाचलं.

मग तो म्हणाला, "ते तिरकं तुला दिसलं होतं?"

मी म्हटलं, "दिसलं होतं."

त्याने पेन घेतलं. वकीलसाहेब घाईघाईने मध्ये पडले. म्हणाले, थांबा, तुमचं नाव यात वारस म्हणून आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर सही चालते पण त्याला काही मिळत नाही. अक्षरं हातची जातील तुमच्या. मी दुसरा साक्षीदार शोधून आणतो. धाकट्याने त्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि सही केली. बाबांसारखी सही आहे त्याची, खाली आडवी रेघ मारलेली. मला वाटलं, झालं. जे ऐकायला नको होतं तेच हयातीत ऐकून झालं.

तो उठला. म्हणाला, "ताई, तू गेल्यावर ती अक्षरं घेऊन मी काय करू? मला मोठी ओळ लावता येत नाही. ती तूच लावायचीस." आणि मग दारातून, पाठ फिरवूनच, "मी माझी खोकी इकडे आणतो. हातगाडी लागेल. चहा टाक."

वकीलसाहेब म्हणतात, कलम चौथे आता निकामी झालं, दुसरं मृत्युपत्र करावं लागेल. बाई, तारीख सांगा, मी पुढच्या आठवड्यात येतो. मी त्यांना सांगितलं, सध्या मला वेळ नाही.

कलम चौथे खोडू नये. अक्षरांचं काय करायचं ते आम्ही दोघं मिळून ठरवू.

(सही) छापखान्याची मालकीण

साक्षीदार दुसरा: (सही) मालकीणबाईंचा सख्खा धाकटा भाऊ, राहणार समोर. 'समोर' त्याने स्वतः खोडून 'इथेच' लिहिलं आहे. खाडाखोड कबूल.

ठिकाण: छापखाना, खिडकीजवळचं टेबल
तारीख: मंगळवार, १२ नोव्हेंबर २०१९